पुढे चाल कुणाला? आणि कुणाच्या जिवावर?

मोहाडी तालुक्यातला एखादा पोरगा कुस्तीत विद्यापीठाच्या संघापर्यंत जायचे म्हणतो, तेव्हा त्याला किती जणांशी झुंजावे लागते याचा हिशेब कुणी मांडत नाही. गादीवरचा जोडीदार हा त्यातला सगळ्यांत सोपा गडी. त्याआधी धान कापणीला आलेले असते आणि बाप म्हणतो, चार दिवस थांब, मजूर मिळत नाही. मग वरठीला येऊन भंडारा रोड स्थानकावरून नागपूरची गाडी धरायची. वजन द्यायचे असते म्हणून आदल्या दिवसापासून पोटात धड काही नसते. खिशात शंभर-दोनशे रुपये आणि सोबत कॉलेजचे पत्र. एवढे सगळे करून तो गादीवर उभा राहतो. पंच समोरच्या मल्लाचे नाव पुकारतात. एकदा, दोनदा, तीनदा. समोरचा येतच नाही. पंच आपल्या पोराचा हात वर करतात आणि निवेदक सांगतो, पुढे चाल!

लोक टाळ्या वाजवतात. पोरगाही खूश होतो. फुकटात एक फेरी पार झाली, कोण नाराज होईल? पण आज आम्हाला या न लढलेल्या कुस्तीविषयीच लिहायचे आहे. कारण पुढे चाल दिली जाते तेव्हा ती देणारा एक असतो, घेणारा एक असतो, आणि तिची किंमत मोजणारा तिसराच कुणीतरी असतो. तो तिसरा आपल्याला दिसत नाही, कारण तो त्या वेळी गादीवर नसतोच.

हे जरा उलगडून सांगितले पाहिजे. समजा, एका वजनी गटात चार मल्ल उपांत्य फेरीत आले आहेत. विद्यापीठाच्या संघात एकच जागा आहे, दुसरा राखीव. एका बाजूला एकाच तालमीतले, एकाच वस्तादाचे दोन पठ्ठे समोरासमोर आले. दोघांनी आपसांत ठरवले की तू पुढे जा, मी गुडघा दुखतो म्हणून सांगतो. दुसऱ्या बाजूला आपला मोहाडीचा पोरगा तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या पुऱ्या लढतो, घामाने निथळतो, एका गुणाने जिंकतो. अंतिम कुस्तीत त्याच्यासमोर उभा राहतो तो ताजातवाना गडी. निकाल काय लागणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. कागदावर लिहिले जाते की अमुक गुणांनी पराभूत. पण खरे म्हणजे तो अंतिम फेरीत हरलाच नाही. तो हरला शेजारच्या त्या न झालेल्या उपांत्य कुस्तीत, जिथे त्याला कुणी विचारलेही नव्हते.

जुन्या लोकांकडे यासाठी एक चांगला शब्द आहे, नुरा कुस्ती. म्हणजे आधी ठरवून खेळलेली कुस्ती. गावच्या आमदंगलीत नुरा कुस्ती लागली की प्रेक्षक हुर्यो उडवत आणि पंच दोघांनाही मैदानाबाहेर काढत. आम्ही म्हणतो, न खेळलेली कुस्ती ही नुरा कुस्तीचीच सुशिक्षित बहीण आहे. फरक एवढाच की हिच्या हातात डॉक्टरचा दाखला असतो.

येथे कुणी असे समजू नये की आम्ही माघार घेणाऱ्या प्रत्येक पोराला लबाड म्हणत आहोत. खांदा निखळलेला पोरगा गादीवर उतरवणे हा खेळ नव्हे, तो छळ आहे. कुस्तीत वजन घटवण्यापायी काय होते हे अमेरिकेने १९९७ साली पाहिले. त्या वर्षाच्या शेवटी जेमतेम महिनाभरात तिथले तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरवण्याच्या नादात मेले. रबराचे कपडे घालून, गरम खोलीत सायकल मारून, पाण्याचा थेंब न घेता. त्यानंतर तिथले नियम बदलले. आपल्याकडे विनेश फोगाटचे उदाहरण ताजे आहे. पॅरिसला ऑगस्ट २०२४ मध्ये अंतिम फेरीत पोचलेली ही मल्ल दुसऱ्या दिवशी सकाळी शंभर ग्रॅमने जास्त भरली आणि सगळे गेले. आदल्या दिवशी एकाच दिवसात तीन कुस्त्या जिंकलेली ती बाई! तेव्हा शरीर साथ देत नसेल तर माघार घेण्याचा हक्क मल्लाला असलाच पाहिजे. आमचा प्रश्न वेगळा आहे. जो मल्ल धडधाकट आहे, त्याला न लढणे फायद्याचे का वाटते?

याचे उत्तर मल्लाच्या स्वभावात शोधू नका, नियमात शोधा.

अमेरिकेतच पाहा. तिथे महाविद्यालयीन कुस्तीचे राष्ट्रीय अजिंक्यपद मार्च महिन्यात होते. दहा वजनी गट, प्रत्येक गटात ३३ मल्ल, एकूण ३३०. या ३३ जणांत येण्यासाठी आधी आपापल्या विभागाची स्पर्धा खेळावी लागते. प्रत्येक विभागाला प्रत्येक गटात किती जागा, हे त्या हंगामातल्या कामगिरीवरून आधीच ठरते. उरलेल्या थोड्या जागा समिती देते. आता समजा एका विभागाला एका गटात आठ जागा आहेत. पहिल्या आठांत आपले नाव पक्के झाले की मल्लाच्या डोक्यात हिशेब सुरू होतो. आता तिसऱ्या क्रमांकासाठी लढलो आणि गुडघा गेला तर? शिवाय हरलो तर मानांकन खाली जाणार. त्यापेक्षा दुखापत सांगून बसलेले बरे. म्हणून तिथे विभागीय स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी माघारी सुरू होतात. प्रेक्षकांनी तिकीट काढलेले असते, समोरचा मल्ल अंग गरम करून उभा असतो, आणि कुस्ती होत नाही. तिथले लोक यावर चिडतात, मल्लांच्या नावाने बोटे मोडतात. पण ज्याला लढून काही मिळायचे नाही आणि गमवायचे मात्र पुष्कळ आहे, त्याने लढावे ही अपेक्षा भाबडी आहे.

नियम चुकला की खेळाडू कसा वागतो याचा सर्वांत लाजिरवाणा धडा जगाला २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मिळाला. बॅडमिंटनच्या महिला दुहेरीत त्या वेळी गटसाखळी आणली होती. गटात दुसरे आले तर पुढे सोपा प्रतिस्पर्धी मिळतो असे दिसताच चार जोड्यांनी मुद्दाम हरण्याचा खेळ मांडला. एक चीनची, दोन दक्षिण कोरियाच्या, एक इंडोनेशियाची. सर्व्हिस जाळ्यात, फटके बाहेर, आणि स्टेडियमभर शिट्ट्या. चारही जोड्या बाद झाल्या. पण जागतिक संघटनेने तेवढ्यावर थांबून भागले नाही. तिला पुढे नियमही बदलावा लागला. गटात दुसऱ्या आलेल्यांची पुढची जोडी आधी ठरलेली न ठेवता नंतर चिठ्ठ्या टाकून ठरू लागली. म्हणजे मुद्दाम हरण्यातला फायदाच काढून घेतला. आम्हाला वाटते, शिक्षेपेक्षा हा उपाय शहाणपणाचा.

कुस्तीतही असा शहाणपणा दिसला आहे. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत प्रत्येक गटातल्या पहिल्या सहांना टोकियोचा कोटा होता. याचा अर्थ असा की कांस्यपदकाच्या कुस्तीत उतरणाऱ्याला ती कुस्ती हरली तरी कोटा मिळालेलाच असे. २०२३ च्या बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत पॅरिससाठी कोटे पाचच ठेवले. मग कांस्यपदकाच्या दोन कुस्त्या हरलेले दोघे उरले आणि जागा एक. त्या दोघांची पाचव्या क्रमांकासाठी वेगळी कुस्ती लावण्यात आली. दमलेले, निराश झालेले दोन मल्ल पुन्हा गादीवर उतरले, कारण त्या कुस्तीत सगळे काही पणाला लागले होते. तिथे पुढे चाल देण्याचा विचार कोण करील? उलट ऑलिम्पिकच्या पात्रता स्पर्धांत अंतिम फेरीतल्या दोघांनाही कोटा मिळतो. मग अंतिम कुस्तीला उरते काय? नियम दोन्ही बाजूंनी काय करू शकतो ते यात दिसते.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडे गादीवर न होणारी कुस्ती कोर्टात होते, ही आपली खासियत!

आपल्या महाराष्ट्राकडून खेळणारा, २०११, २०१२ आणि २०१३ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव २०१५ साली लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटात कांस्यपदक जिंकून आला. त्या पदकाने भारताला रिओचा कोटा मिळाला. दोन ऑलिम्पिक पदके जिंकलेला सुशीलकुमार म्हणाला की कोटा देशाचा आहे, नरसिंगचा नाही, आमची निवड चाचणी घ्या. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि जून २०१६ मध्ये सुशीलची याचिका फेटाळली गेली. पुढे नरसिंग उत्तेजक चाचणीत अडकला. राष्ट्रीय संस्थेने त्याला निर्दोष ठरवले, पण रिओत असतानाच क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. गादीवर त्या गटात भारताचा कुणीच उतरला नाही. सात वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये, पुन्हा तेच. आशियाई स्पर्धेसाठी बजरंग पुनिया आणि विनेश यांना चाचणीतून सूट मिळाली, आणि अंतिम पंघाल व सुजीत कलकल या तरुण मल्लांना कोर्टाची पायरी चढावी लागली. याचिका फेटाळली गेली. पुढे विनेशने दुखापतीमुळे माघार घेतली, अंतिम गेली आणि कांस्यपदक घेऊन आली. बजरंग रिकाम्या हाताने परतला. विनेश आणि बजरंग त्या वर्षी ज्या लढ्यात रस्त्यावर उतरले होते, त्या लढ्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पण चाचणीतून सूट ही गोष्ट वेगळी, आणि अंतिम पंघालचा प्रश्न रास्त होता.

यातल्या एकेका निकालाच्या बाजूने आणि विरुद्ध बरेच बोलता येईल. जागतिक पदक जिंकणाऱ्याला पुन्हा चाचणीला उभे करणे अन्यायाचे आहे, असे म्हणणाऱ्याचे म्हणणे चुकीचे नाही. चाचणी व्हावी, म्हणणाऱ्याचेही नाही. आमचे म्हणणे एवढेच की नियम आधी लिहिलेला हवा. २०१६ ला एक, २०२३ ला दुसरा, २०२४ च्या मे महिन्यात तिसरा, की आता कोटा मिळवणाऱ्यांची चाचणीच नको, असे करता येणार नाही. माणूस पाहून नियम लिहिला जातो तेव्हा तो ज्याच्यासाठी लिहिला त्याचे नाव मोठे असते आणि ज्याच्या विरुद्ध जातो त्याचे नाव कुणी ऐकलेले नसते. नोकरीच्या आणि प्रवेशाच्या वेळी आमच्या पोरांना गुणवत्तेचे धडे देणारी मंडळी अशा वेळी कुठे असतात, हे आम्हाला अजून कळलेले नाही. असो.

निवडीचा हा घोळ नवा नाही. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणारा मल्ल याच घोळातून वाट काढत गेला. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे महाविद्यालयीन मल्लच होते, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे. १९४८ ला लंडनला सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीसाठी मात्र त्यांचे नाव निवडीतून गळाले. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला, अशी त्यांची तक्रार होती. ते रडत बसले नाहीत. थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावा म्हणाले, कुस्ती लागली आणि त्यांनी ती मारली. मग जाण्यासाठी पैसे नाहीत! प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तिकडे कॅनडा, मेक्सिको, जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवले. जपानच्या मल्लाशी लांबलेली कुस्ती होताच त्यांना रशियाच्या मल्लापुढे उभे केले गेले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हवी असा नियम होता, पण तो दाखवायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले आणि कांस्यपदकावर थांबले. पुढचे वैयक्तिक पदक यायला १९९६ उजाडले, चव्वेचाळीस वर्षे.

वर आम्ही मोहाडीच्या पोराचा थकवा आणि समोरच्याचा ताजेपणा सांगितला, तो कुणाला किरकोळ वाटला असेल तर त्याने हेलसिंकीची ती अर्ध्या तासाची विश्रांती आठवावी. पदकाचा रंग तिथे बदलला.

माघारीचा आणखी एक प्रकार आहे, तो रागाचा. २ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत शिवराज राक्षे चितपट झाल्याचा निर्णय पंचांनी दिला. राक्षेला तो मान्य नव्हता. पाठ टेकलीच नाही, चित्रण पाहा, असे तो म्हणत होता. वाद वाढला आणि त्याने पंचाला लाथ मारली. त्यानंतर किताबाच्या कुस्तीत महेंद्र गायकवाड पंचांवर नाराज होऊन, काही सेकंद उरले असताना, मैदान सोडून गेला. किताब पृथ्वीराज मोहोळला मिळाला, आणि राक्षे व गायकवाड दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचावर पाय उचलणे याचे समर्थन होऊच शकत नाही. पण एवढ्या मोठ्या मैदानात वादाच्या क्षणी चित्रण शांतपणे पाहून निर्णय देण्याची सोय नीट चालत नसेल, तर मल्ल गादी सोडतो याचे नवल कशाला? तक्रारीला जागाच ठेवली नाही की तक्रार पायातून बाहेर पडते. त्यात आपल्याकडे संघटना दोन, म्हणून २०२३ ला महाराष्ट्र केसरीही दोन झाले. फुलगावला सिकंदर शेख, धाराशिवला शिवराज राक्षे. कोणत्या संघटनेच्या जिल्हा चाचणीतून गेल्यावर आपण खरे पात्र ठरतो, हे भंडाऱ्याच्या मल्लाने कुणाला विचारायचे?

मोठ्यांच्या या गोष्टी सांगितल्या त्या शेवटी लहान मैदानासाठी. कारण महाविद्यालयीन कुस्तीत पणाला लागलेली गोष्ट किताब नसते, प्रमाणपत्र असते. शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. आंतरमहाविद्यालयीन, मग आंतरविद्यापीठ, तिथे पहिल्या आठांत आला तर २०२० पासून सुरू झालेली खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा, अशी ती शिडी आहे. कोरडवाहू दोन एकरांच्या मालकाचा किंवा आंधळगावच्या विणकराचा पोरगा या शिडीकडे कोणत्या नजरेने पाहतो ते शहरातल्या क्रीडाप्रेमींना समजायचे नाही. आणि ज्या शिडीच्या टोकाला नोकरी आहे तिच्या पायऱ्यांवर साटेलोटे होणारच. ज्या वजनी गटात दोनच नावे येतात तिथे एकाने माघार घेतली की दुसरा एकही कुस्ती न खेळता विजेता. मुलींच्या गटांत आणि वरच्या वजनांत नावे कमी येतात, तिथे हा धोका जास्त.

मग करावे काय? आमच्या मते पहिली गोष्ट, शेवटची जागा नेहमी कुस्तीने ठरावी. दुसऱ्या क्रमांकाचा मल्ल आणि तिसरा आलेला मल्ल स्पर्धेत एकमेकांशी भिडलेच नसतील, तर राखीव जागेसाठी त्यांची कुस्ती लावावी. अमेरिकेतल्या स्पर्धांत अशी कुस्ती लावण्याची पद्धत आहे आणि ती घ्यायला पैसे लागत नाहीत, एक पंच आणि सहा मिनिटे लागतात. कुणी माघार घेतली तर त्याची तपासणी स्पर्धेच्या डॉक्टरने करावी, कॉलेजने आणलेल्या दाखल्यावर भागवू नये. दुखापत खरी निघाली तर त्याचा मिळवलेला क्रमांक कायम राहावा, पण पुढच्या स्पर्धेला जाण्याआधी तो बरा झाल्याचे त्याने चाचणीत दाखवावे. दुखापत खोटी निघाली तर त्या स्पर्धेतले त्याचे स्थानच जावे. आंतरराष्ट्रीय कुस्तीत कारण न देता गैरहजर राहणाऱ्याला क्रमांक मिळत नाही, मग आपल्याकडे तो लाड कशासाठी? आणि ज्याला पुढे चाल मिळाली त्याचा प्रतिस्पर्धी नुकताच लढून आला असेल, तर त्याला पुरती विश्रांती मिळाल्याशिवाय अंतिम कुस्ती पुकारू नये.

प्रमाणपत्रावर एक रकाना वाढवावा अशीही आमची सूचना आहे. प्रत्यक्ष खेळलेल्या कुस्त्या किती, जिंकलेल्या किती, पुढे चाल किती. एकही कुस्ती न खेळता मिळालेले सुवर्ण कपाटात खुशाल राहू द्या, पण नोकरीच्या गुणांना ते लढून मिळवलेल्या कांस्याच्या वर बसता कामा नये. यावर कुणी म्हणेल, समोर कुणी आलेच नाही यात त्या पोराचा काय दोष? दोष काहीच नाही. म्हणून तर त्याला पुढच्या क्रमांकाच्या मल्लाशी एक कुस्ती द्यावी आणि ती जिंकून त्याने तो रकाना भरावा. भीती वाटायचे कारण काय?

आणि माघारीचे सगळ्यांत मोठे कारण तर या कशातच नाही. ते आहे परतीच्या गाडीत. दुपारी उपांत्य कुस्ती हरलेल्या पोराला सांगतात, कांस्यपदकाची कुस्ती संध्याकाळी सातला, नाहीतर उद्या सकाळी. राहायची सोय नाही, जेवणाचा भत्ता कॉलेजकडून कधी मिळेल त्याचा नेम नाही, सकाळी घरी कापणी. तो बॅग उचलतो आणि निघतो. कागदावर लिहिले जाते, माघार. या पोराला अमेरिकेच्या हिशेबी मल्लाच्या रांगेत बसवणे हा अन्याय आहे. त्याने कुस्ती सोडली नाही, ती त्याच्या हातून काढून घेतली गेली. म्हणून भत्ता स्पर्धेच्या ठिकाणी, वजन झाल्यावर त्याच दिवशी हातात मिळावा, आणि बाहेरगावच्या मल्लांच्या कुस्त्या आधी लावाव्यात. स्पर्धेच्या तारखा धानकापणी आणि परीक्षा बघून ठरवाव्यात. पूर्व विदर्भात कापणी कधी येते ते काही गुपित नाही.

हे सारे नियम हंगाम सुरू होण्याआधी, जून-जुलैत, मराठीत छापून प्रत्येक कॉलेजच्या फळ्यावर लागले पाहिजेत. मोहाडीतल्या कॉलेजच्या फळ्यावरही. प्रवेशाच्या यादीशेजारी, परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी, पोरांना उभ्या उभ्या वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.